डब्यातली म्हैस

“चूक! साफ चूक! पाव्हण्यांचा एक मार्क कट!”

थोरले बापू असे ओरडले की ओसरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती माझ्या अंदाजानं थेट औंढ्याला जाऊन टेकली असतील. बापू म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. त्यांच्या एका हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, दुसऱ्या हातात चिठ्ठी, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. भाऊबीजेची दुपार. ओवाळून झालं होतं, जेवणंही झाली होती, आणि जाजमावर तीसेक माणसं अशी आडवीतिडवी पसरली होती, जणू बाजारात पोती उतरवून गाडीवाला चहाला निघून गेलाय. बापूंनी प्रश्न वाचला होता, “आपल्या विहिरीचं पानी सगळ्यात आधी कुनाला दिसलं?” आणि दुपारभर एका शब्दानं न बोललेली माझी आत्या चटकन म्हणाली होती, “मला.”

“चूक कशी, बापू? मीच व्हते ना खाली.”

“अक्का, तू लाख सांग. डब्यात काय हाय ते बोल.”

“डब्यात काय हाय?”

बापूंनी चिठ्ठी उलटी केली, पण त्यांना वाचायची गरजच पडली नाही. ओसरीवरची सगळी लेकरं एका सुरात ओरडली, “म्हैस! म्हैस! म्हैस!”

माणसं हसली. आत्यापण हसल्यासारखं करून इकडंतिकडं पाहू लागली, की आता कुणीतरी खरं सांगेल. तिच्या मांडीला मांडी लावून तिची मंदा बसली होती, तेरा वर्षांची, आत्याचं शेंडेफळ. मंदा हसली नाही. तिनं मान वळवून आपल्या आईकडं पाहिलं, आणि ते पाहणं मी खांबाला टेकून पाहत होते. सतरा वर्षांची होते मी. आत्या खरं बोलतेय की नाही, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण म्हैस खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती म्हैस डब्यात मी घातली होती.

आता हे नीट सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि मागं जायचा मला हल्ली फार थकवा येतो. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून लिहिते आहे. पूर्वी मी एका दमात तीन गावं हसवायचे. आता एक गोष्ट सांगायला घेतली की मधेच वाटतं, जाऊ दे, कोण ऐकतंय. पण ही सांगून टाकते.

सेनगावच्या रस्त्याला आमचं गाव. घरात खाणारी तोंडं एकोणीस आणि ओरडणारी चाळीस. एवढी कशी, असं विचारू नका. बापू एकटेच दहांच्या हिशेबात. सकाळी गिरणीची टुकटुक सुरू व्हायच्या आधी आमच्या विहिरीचा रहाट सुरू व्हायचा. तो असा कुरकुरायचा की नवी सून आली की पहिले आठ दिवस तिला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे. त्या विहिरीवर आमचं सगळंच चालायचं. हळद तिच्यावर, पिण्याचं तिच्यावर, आणि उन्हाळ्यात अर्धं गाव घागरी घेऊन तिच्यावर. आसपासच्या विहिरी शिमग्याला तळ दाखवायच्या, आमची मृगापर्यंत टिकायची. लग्न जमवताना लोक मुलाचं शिक्षण नंतर विचारत, आधी विहीर पाहून येत.

दिवाळीत या घरात सगळ्या लेकी यायच्या. आणि भाऊबीजेला दुपारी, मोटारीची वेळ व्हायच्या आत, आमच्याकडं ‘पुसापुशी’ व्हायची. हा खेळ दुसऱ्या कुठल्या घरात होता म्हणून मी ऐकलेला नाही. दोन बाजू करायच्या, घरचे आणि पाव्हणे. पाव्हणे म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, त्यांची लेकरं आणि जावई आला असेल तर जावई. बापू डब्यातून चिठ्ठी काढणार, प्रश्न वाचणार. प्रश्न सगळे घरातलेच. आण्णांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, पहिल्या बैलाचं नाव काय? वावटळीत पत्रे उडाले ते कुणाच्या अंगणात सापडले? धाकट्या काकूनं पहिल्या दिवशी वरणात मिठाऐवजी काय घातलं? बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीला एक कट. जिंकणाऱ्यांना खोबऱ्याची वाटी आणि पहिल्या धारेचा चहा, हरणाऱ्यांनी सगळ्या जेवणावळीची भांडी घासायची. पाव्हणे हरले की लेकी घासायच्या, घरचे हरले की सुना घासायच्या. पुरुष कुठल्या बाजूनं खेळत हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, कारण राखेनं भरलेला पुरुषाचा हात मी त्या घरात पाहिला नाही.

आणि खेळाचा एकच कायदा होता. चिठ्ठीच्या मागं जे लिहिलंय तेच खरं. त्यावर बोलायचं नाही. हा कायदा असाच आला नव्हता. पूर्वी चिठ्ठ्या नव्हत्या, तोंडीच चालायचं. एका वर्षी पाखऱ्या नावाचा बैल पांढरा होता की कबरा, यावरून बापू आणि माझे वडील भांडले. पाखऱ्या मरून तेव्हा दहा वर्षं झाली होती, पण या दोघांनी चार महिने अबोला धरला. रब्बीची पेरणी त्यांनी एकमेकांशी न बोलता केली. बापू बांधावरून माझ्या मायला सांगत, “त्याला म्हणावं पाभर आण,” आणि वडील तीन हात लांब उभे राहून म्हणत, “त्यांना म्हणावं आणतो.” माय दोघांच्या मधे चालून चालून वाळली. शेवटी बापूंनीच डबा आणला. झाकणावर राजवाड्याचं चित्र होतं. म्हणाले, “आता जे लिवलं ते लिवलं. देव जरी खाली आला तरी चिठ्ठीच्या पुढं न्हाई.” आणि पहिल्याच चिठ्ठीवर लिहून टाकलं की पाखऱ्या कबरा. माझ्या वडिलांनी मान डोलावली. ते मरेपर्यंत पांढराच म्हणत होते, पण मनात.

बापूंचं अक्षर वाचायला बापूंनाच दोनदा चष्मा पुसावा लागे. म्हणून मी तेरा वर्षांची झाले आणि अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं, तसं चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. वसुबारसेला बापू पाटावर बसत, सांगत, मी लिहायची. एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर. तीस चिठ्ठ्या. निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या. मला तो मान इतका चढला होता की दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी उजव्या हातानं जड काही उचलत नसे.

त्या पहिल्याच वर्षी बापू कापसाच्या गाड्या घेऊन हिंगोलीला गेले आणि गाड्यांच्या रांगेत दोन दिवस अडकले. एकोणतीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. तिसावीवर बापूंनी जाता जाता प्रश्न तेवढा सांगून ठेवला होता, विहिरीचा. उत्तर म्हणाले, आल्यावर बघू, मला तरी कुठं माहीत हाय, मी तवा नरसीला मामाकडं शिकून राहिलो व्हतो. वडील तर विहिरीनंतर जन्मलेले. आण्णांना विचारावं तर ते वारले होते, आणि जिवंत असताना तरी काय, वर्षाला तेवीस शब्द बोलणारा माणूस. त्यातले वीस बैलांशी. आजी त्यांच्याही आधी गेलेली. बापू आले ते थेट नरकचतुर्दशीच्या आंघोळीला, आणि चिठ्ठी कोरीच. मी गोठ्यासमोर बसले होते. आमची चंद्री म्हैस रवंथ करत माझ्याकडं अशी पाहत होती, जसं तिला उत्तर येतंय पण कुणी विचारत नाही. मी लिहिलं, ‘म्हैस’.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ती माझी जीभ कसली. भाऊबीजेला चिठ्ठी निघाली, कुणालाच उत्तर आलं नाही, बापूंनी मागं वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. “म्हैस? ते कसं काय गं, इमले?” सगळं घर माझ्याकडं वळलं. माझी जीभ आधी उठली, मी मागून उठले. म्हटलं, आण्णांनी विहीर खंदायला घेतली, खडक लागला, पाणी काही लागेना. मजूर पळाले. खड्डा तसाच पडला. तर उन्हाच्या तलखीत म्हैस त्या खड्ड्यात उतरली आणि बसली ती बसलीच. दावं लावून ओढलं, आठ माणसं ओढून थकली, म्हैस हलेना. तीन दिवस उपाशी. चौथ्या दिवशी सकाळी आण्णा पाहतात तर म्हैस आपोआप वर! पाण्यावर तरंगत, रवंथ करत, काठाला येऊन लागली. आणि त्या दिवशी दूध दिलं ते दोन शेर जास्त.

असं हसू मी त्या ओसरीवर आधी ऐकलं नव्हतं. बापूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझे वडील, जे बापूंच्या विनोदाला शपथेवर हसत नसत, तेही हसले. स्वयंपाकघरातून माय पिठाच्या हातानं दारात आली. मी तेरा वर्षांची, काळी, दात पुढं, आणि मला त्या घटकेला कळलं की मला काय येतं. पुढच्या वर्षी लेकरांनीच मागणी केली, म्हशीची चिठ्ठी टाका. त्याच्या पुढच्याही वर्षी. उत्तर सगळ्यांना पाठ, तरी ती चिठ्ठी निघावी म्हणून माणसं वाट पाहायची, कारण त्यानंतर मी उभी राहून सांगायचे आणि म्हैस दरसाल वाढायची. चौथ्या वर्षापर्यंत तिच्या पाठीवर बगळासुद्धा आला होता.

आता माझ्या भाच्यांनी तो सगळा खेळ मोबाईलमधून मोठ्या टीव्हीवर घातला आहे. चार पर्याय येतात, घंटा वाजते, उत्तर बरोबर आलं की फुलं पडतात. गेल्या भाऊबीजेला विहिरीचा प्रश्न आला. अ, आण्णा. ब, जमिनीतलं पाणी सांगणारा पानाड्या. क, म्हैस, आणि म्हशीचं हलतं चित्र. ड, यापैकी कोणीही नाही. चार पर्यायांत आत्या नाही. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लेकरं म्हणाली, आजी, तू दाब. मी क दाबलं. फुलं पडली. वाद घालायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

तर आत्या. ती सगळ्या भावंडांत मोठी, म्हणून बापू आणि वडील तिला अक्का म्हणत. सेनगावच्या पलीकडं दिलेली. तिची सासू अंथरुणाला खिळली होती, आणि सासूला कुणाच्या हातचं चालत नसे, म्हणून सहा दिवाळ्या आत्या माहेरी आली नव्हती. बापूच सकाळच्या मोटारीनं जाऊन ओवाळून घेत आणि दुपारच्या खेळाला परत येत. म्हणजे म्हशीचा जन्म, बारसं, बाळसं, सगळं आत्याच्या पाठीमागं झालं. मी सतराची झाले त्या वर्षी सासू वारली, सुतक फिटलं आणि आत्या आली. जीपच्या टपावर बसून आलेल्या माणसासारखी धुळीनं माखलेली, हातात कापडी पिशवी, आणि मागं मंदा. दोन वेण्या, परकर आखूड झालेला, आणि डोळे असे की घरातलं प्रत्येक भांडं मोजून घेतेय.

पाडव्याच्या सकाळी मी विहिरीवर पाणी शेंदायला गेले तर मंदा खालच्या पायरीवर बसलेली. पाण्याजवळच्या दगडांना हात लावून पाहत होती. मला म्हणाली, “ताई, ती कपार कोन्ती गं?”

“कोन्ती कपार?”

“जिच्यात आईनं हात घातला व्हता. पानी लागलं तवा. आईनं मला लई खेपा सांगितलं. आमच्याकडं आजी म्हनायची, तुझी माय माहेराच्या नुसत्या बाता मारती. मी म्हनलं, मी पाहूनच येते.”

मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक, शेवाळ हाय, घसरशील, वर ये, असं काहीतरी. घागर कडेवर घेतली आणि चालू लागले. तेव्हाच जाऊन डब्यातून ती म्हशीची चिठ्ठी काढायला हवी होती. डबा देवघराच्या फळीवर, पाच पावलांवर होता. पण त्या दिवशी दोनशे करंज्या तळायच्या होत्या, पाडव्याचं पुरण वाटायचं होतं, मायला ताप होता आणि धाकटी काकू बाळंतीण. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून येसराची आमटी, वडे, कुरडया, खीर, तीस माणसांच्या भाकरी. मी दमले होते, हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की दमलेली असतानाही मी मनातल्या मनात म्हशीला यंदा काय नवीन करायला लावावं, हे जुळवत होते. दोन्ही खरं. कुठलं जास्त, ते एवढ्या वर्षांत मला ठरवता आलं नाही.

आणि मग ती दुपार. “म्हैस! म्हैस!” झालं, हसणं झालं, आणि आत्या कुणीतरी बोलेल म्हणून पाहत राहिली. मग तिनं स्वतःच पुन्हा धीर केला.

“बापू, तू नरसीला व्हता तवा. तुला काय माहीत. मी अन् आण्णा दोघंच...”

“अक्का, मी न्हाई म्हनत न्हाई,” बापू समजुतीच्या सुरात म्हणाले. “पर कायदा म्हंजे कायदा. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या ह्यो पाखऱ्याला पांढरा करून राहील.” त्यांनी वडिलांकडं बोट केलं. वडील पानाला चुना लावत खाली पाहत राहिले. “तू सहा वर्सं आली न्हाईस ना, तुला म्हैस माहीत न्हाई. इमले, सांग गं तुझ्या आत्याला.”

“राहू द्या ना, बापू,” मी म्हटलं. एवढं मात्र म्हटलं होतं मी.

“राहू द्या? वा रं! लेकरं वर्सभर थांबलेत.”

लेकरांनी टाळ्या सुरू केल्या. मी खांबापासून सुटी झाले. पहिली दोन वाक्यं मी खाली बघून बोलले, अगदी मेलेल्या आवाजात, आणि कुणी हसलं नाही. एकही माणूस नाही. ती शांतता मला सोसली नाही. मी मान वर केली, हात हलवले, आणि म्हैस आली. आठ माणसं दावं ओढून पडली. बगळा आला. त्या वर्षी बगळ्याच्या चोचीत मासा होता, म्हणजे बघा, पाणी किती. ओसरी लोटपोट झाली. मी सांगत असताना मंदाचा हात आईच्या हातात होता. मासा आला तेव्हा तिनं तो हात काढून घेतला, ओढून नाही, वेणी सारखी करायची असल्यासारखा. वेणी सारखीच होती.

पाव्हणे एका मार्कानं हरले. बापूंनी खोबऱ्याची वाटी फोडली. लेकी हसत, कुरकुरत भांड्यांकडं उठल्या, आणि सगळ्यांत आधी मंदा उठली. आत्या मात्र भांड्यांकडं गेली नाही. ती परसातून मागं निघाली.

माय तापातच माझ्यावर डाफरली. “आत्याला चा नेऊन दे. अन् एवढी जीभ चालवायची गरज न्हवती.” मायला काही माहीत नव्हतं, तरी तिला सगळं माहीत असायचं.

मी कप घेऊन गेले. आत्या विहिरीच्या काठावर, रहाटाच्या सावलीत बसली होती. उन्हं कलली होती, हळदीच्या पानांवरून वारा येत होता. मी चहा दिला. तिनं बशीत ओतला आणि फुंकत राहिली.

“आत्या, ती म्हैस मी लिवली,” मी म्हटलं. “कुनी सांगितली न्हाई. मलाच सुचली.”

“मला कळलं.”

“कसं?”

“तवा आपल्याकडं म्हैस न्हवतीच. तुझा बाप झाल्यावर दुधासाठी घेतली.”

मी तिच्या शेजारी बसले. एवढं एक वाक्य होतं तिच्याकडं. ओसरीवर म्हणाली असती तर माझी म्हैस, बगळा आणि मासा तिथंच मेले असते.

“मंग बोलली काहून न्हाईस?”

आत्यानं चहाचा घोट घेतला. “बोलले की. दोनदा बोलले.” मग ती पाण्याकडं पाहत म्हणाली, “मजूर पळाले हे मातर तू खरं सांगितलं. कसं काय कोन जाने. खडक लागला तसे पळाले. मंग मी अन् आण्णाच. मला तिसरीतून काढलं. आण्णा खाली घन मारायचे, मंग वर जाऊन टोपलं वढायचे. भरायला मी. दोन वर्सं. एक दिस टोपलं भरून झालं अन् थंड लागतं म्हनून कपारीत हात घातला, तर हात वला. मी वरडले न्हाई. म्हनलं घाम असंल. मंग चाटून पाह्यलं. खारट न्हवतं.”

रहाटावर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली.

“मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते,” मी म्हटलं. “बापूंना सांगते. चिठ्ठी फाडते.”

“बापूला कशाला? त्याला काय करायचं.” तिनं कप माझ्या हातात दिला. तिच्या तळहाताला त्या वयातही खडकाचा कठीणपणा होता, की मला आता तसा वाटतो, ठाऊक नाही. “मंदाला तेवढं सांग. माझं आता तिला खरं वाटनार न्हाई. तू शिकलेली हायस.”

मी पळत गेले. अंगणात दगडावर भांड्यांचा ढीग होता, आणि आमच्या घरची दिवाळीची भांडी म्हणजे काय, तो ढीग हिंगोलीच्या स्टेशनवरून दिसत असावा. बाकीच्या बायका चहाला उठल्या होत्या. मंदा एकटी, कोपरापर्यंत राखेत, येसराचं पातेलं घासत होती. तळाला करपलेलं निघत नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगायला लागले. म्हैस खोटी. मी लिहिली. तुझ्या आईनंच पाहिलं पाणी, तिलाच दिसलं, ती खाली होती, दोन वर्षं.

मंदा घासत राहिली. तिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं, पोहोचत नाही. मी जरा आवाज चढवला. मजूर कसे पळाले ते सांगितलं, खडकावर घण कसा ठिणग्या उडवायचा ते सांगितलं, ठिणग्यांनी आण्णांची मिशी कशी जळली तेही सांगितलं. आण्णांना मिशी नव्हती. कपारीत हात घातला ते सांगताना माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. आणि पाणी जे आलं ते हत्तीच्या सोंडेएवढं, आत्याला घेऊन वर आलं. मला ऐकू येत होतं मी काय बोलतेय ते. थांबावं असंही वाटत होतं. पण ती वर पाहीना, आणि ती पाहत नाही तोवर मला थांबता येईना. शेवटी म्हटलं, “आईच्यान, मंदे. देवाच्यान. ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई.”

मंदानं पातेलं पालथं घातलं, पाण्याचा तांब्या ओतला, हात झटकले. लांबून, नाक्यावरून, सेनगावच्या जीपचा हॉर्न ऐकू आला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी आज एवढी थकले नसते.

“म्हशीचं बी तू असंच सांगितलं, ताई,” ती म्हणाली.